छायाचित्रे सुधारावीत

दादांवर दोन पानं लिहून द्या असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मला हसू आलं. सोमवारची सकाळ होती. प्रसिद्धी विभागातली बाई माझ्या टेबलाशी आली, माझ्याच खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकून म्हणाली, "पंधरा वर्षं तुम्ही त्यांच्याबरोबर आहात. त्यांचा प्रवास तुमच्याइतका कुणाला ठाऊक असणार? शनिवारी विक्रेत्यांच्या मेळाव्यात वाचायचंय. अगदी मनापासून लिहा हं, हात राखून नको."

मी म्हटलं, लिहिते. पंधरा वर्षं मी दुसरं काही म्हटलेलंच नाही.

दादा म्हणजे आमचे मुख्य अधिकारी. ऑनलाइन बाजार चालवणं हा त्यांचा धंदा. आजवर तीन बाजार चालवले आणि शनिवारी ते सगळ्या उद्योगसमूहाचे प्रमुख होऊन वरच्या मजल्यावर जाणार होते. दादा हे त्यांचं नाव नाही, त्यांनी स्वतःच स्वतःला चिकटवलेलं नातं आहे.

पहिला बाजार जुन्या वस्तूंचा. टायरच्या दुकानावरची एक खोली, तीन टेबलं, सहा माणसं आणि दिवसभर रबराचा वास. हा बाजार ज्याने उभा केला तो माणूस गबाळा होता पण डोक्याने तल्लख. शर्टाची बटणं वरखाली लावायचा आणि गिऱ्हाइकांचे फोन स्वतः घ्यायचा. दादा तिथे 'चार महिने मदतीला' म्हणून आले. गोगलगाय आणि पोटात पाय! दुसऱ्या वर्षी भांडवल घालणाऱ्यांची एक बैठक झाली आणि त्या गबाळ्याला त्याच्याच खोलीतून निरोप देण्यात आला. निरोपाच्या वेळी दादा रडले. खोटं नव्हे, नाक लाल होईपर्यंत खरं रडले. मीच त्यांना रुमाल दिला. मग डोळे पुसून ते त्याच्या टेबलाशी जाऊन बसले आणि खुर्ची जरा वर करून घेतली. आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. पाहून शहाणी झाले असते तर गोष्ट वेगळी. पण ते दुसऱ्या कंपनीत गेले तेव्हा मीही मागोमाग गेले, कारण हुद्दा मोठा होता आणि केबिनला दार होतं.

दुसरा बाजार घरसामानाचा. तिथल्या पहिल्याच मेळाव्यात हे व्यासपीठावरून खाली उतरले, विक्रेत्यांच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "मला सर म्हणू नका. साहेब तर मुळीच म्हणू नका. मी तुमचा दादा." काय टाळ्या पडल्या! आता पाठीवर हात ठेवतो तोही दादा आणि गल्लीत दम देऊन वसुली करतो तोही दादाच. या माणसाने एका शब्दात दोन्ही कामं उरकली. प्रत्येक विक्रेत्याचा हात ते आपल्या दोन्ही हातांत धरायचे, आईची तब्येत विचारायचे, पोरांच्या परीक्षा विचारायचे. मग गाडीत बसलं की खिशातून एक बाटली काढायची आणि मनगटापर्यंत हात चोळून स्वच्छ करायचे. मी शेजारी बसलेली असे. त्या बाटलीतल्या औषधाला लिंबाचा वास होता. अजूनही कुठे लिंबाचा वास आला की मी तिथून उठते.

माळा तिथेच जन्माला आला, आणि त्याला जन्म मी दिला.

त्याचं असं झालं. दादांच्या डोक्यातून 'घरचा माल' निघाला. एखाद्या विक्रेत्याची वस्तू जोरात खपायला लागली की तशीच वस्तू कंपनीने स्वतः बनवून घ्यायची आणि बाजारात स्वतःच्या नावाने आणायची. पण मग मूळच्या विक्रेत्याचं काय करायचं? हाकलून दिला तर बोंब होते. तर हाकलायचं नाही. फक्त त्याची वस्तू पडद्यावर इतकी खाली सरकवायची, की गिऱ्हाईक बोट सरकवून सरकवून थकलं तरी तिथवर पोहोचू नये. दुकान तसंच, माल तसाच, नुसतं कुणाला दिसत नाही. तांत्रिक विभागाच्या पोरांनी याला वीतभर लांबीचं नाव दिलं होतं. दादा म्हणाले, "सोपं काहीतरी सांगा बुवा." मी पटकन बोलून गेले, "माळ्यावर टाकायचं म्हणा की." सगळी बैठक हसली. आठवडाभर माझी छाती फुगलेली होती.

माळ्यावर गेलेली माणसं पत्रं लिहायची. आमचं काही चुकलं का, गिऱ्हाईक एकदम कसं थांबलं, दादांच्या कानावर घाला. त्यांना उत्तर काय द्यायचं? तेही मीच लिहिलं, एका बैठकीत, अकरा ओळी. 'आपल्या वस्तूंची छायाचित्रे सुधारावीत. पार्श्वभूमी पांढरी असावी. नैसर्गिक उजेड असावा. तीन कोनांतून छायाचित्रे घ्यावीत. हात दिसत असल्यास ते स्वच्छ असावेत.' दादांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "माणसाला काम दिलं ना, की तो भांडत नाही. तू माणसं ओळखतेस." त्या अकरा ओळी पुढे हजारो लोकांना गेल्या. एकालाही खोटं वाटलं नाही, कारण आपला फोटो वाईट आला असेल यावर माणसाचा चटकन विश्वास बसतो.

तिसरा बाजार सगळ्या वस्तूंचा, अवाढव्य. तिथे दर बुधवारी जेवणानंतर माळ्याची यादी माझ्याकडे मंजुरीला यायची. त्यात नावं नसायची, नुसते क्रमांक. ही माझीच अट होती. नाव वाचलं की मन घुटमळतं आणि कामं तुंबतात. क्रमांकावर टिचकी मारायची, पुढे जायचं. वीस मिनिटांत दुपारच्या चहाला मोकळी.

असं हे दादांचं चरित्र. आता यातलं दोन पानांत काय बसवायचं ते तुम्हीच सांगा.

मंगळवारी ताईचा फोन आला. ताई माझी सख्खी मोठी बहीण. शहराच्या दुसऱ्या टोकाला तीन खोल्यांचं घर, मागे भावोजींचं लाकूडकामाचं शेड. काही वर्षांपूर्वी आजारपणानंतर ताईच्या बोटांचे सांधे सुजले, बरणीचं झाकणसुद्धा उघडता येईना. एका सकाळी ती बरणी पोटाशी धरून रडत बसली. भावोजी शेडमध्ये गेले, संध्याकाळी एक लाकडी मूठ घेऊन आले. मुठीला खाच, खाचेत रबर. झाकणावर बसवायची आणि मनगटाने ढकलायची. तिचं नाव त्यांनी ठेवलं फिरकी. आधी शेजारणींना दिली, मग आमच्या बाजारात विकायला ठेवली. खूप खपली. दोन बायका कामाला ठेवाव्या लागल्या.

आमच्याकडे नियम आहे, कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांनी बाजारात दुकान लावायचं नाही. म्हणून दुकान भावोजींच्या नावावर होतं आणि मी ताईला बजावून ठेवलं होतं, तिथे माझं नाव घ्यायचं नाही आणि मला त्यातलं काही विचारायचंही नाही. तिने पाळलं. धंदा बसला तरी सात महिने काही विचारलं नाही. त्या दिवशी फक्त म्हणाली, "अगं, तुझी नजर चांगली आहे. एकदा येऊन आमचे फोटो बघून जा ना. बाकी काही नको."

गेले. शेडमध्ये पाऊल टाकलं आणि मला ओळखच पटेना. सगळ्या भिंती पांढऱ्या केलेल्या. उजेडासाठी भिंत फोडून मोठी खिडकी बसवलेली. भावोजींचं लाकूड कातायचं लेथ यंत्र कोपऱ्यात लोटून त्यावर चादर घातलेली, आणि मधोमध, जिथे ते उभं असायचं तिथे, एक टेबल, टेबलावर इस्त्री केलेलं पांढरं कापड, कापडावर एक फिरकी. कामाच्या बायका दिसल्या नाहीत. भुश्याचा वाससुद्धा राहिला नव्हता.

"तीन कोन म्हणतात ते," ताई उत्साहाने सांगत होती, "मी पाच घेते. सकाळी नऊ ते अकरा उजेड बरा असतो. आधी कापड सुती होतं, त्याच्या सुरकुत्या दिसत होत्या. हे बघ, आता कसं दिसतं."

भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. अकरा ओळी. ताईने काही शब्दांखाली लाल रेघा मारल्या होत्या. 'ते स्वच्छ असावेत' याखाली दोन.

"यांचे हात बघ की," ती म्हणाली. "दाखवा हो तिला."

भावोजींनी हात पुढे केले. चाळीस वर्षं लाकडात मुरलेले हात. रंग आणि राळ नखांत कायमची बसलेली असायची. ते हात आता पांढरेफटक होते, बोटांच्या टोकांना सालपटं निघालेली. रोज सकाळी फोटोआधी ते दगडाने नखं घासत होते. "जातं हळूहळू," ते ओशाळून म्हणाले, जणू माझ्याकडेच तपासणीला आले होते.

मला तिथे ओकारी झाली असती तर बरं झालं असतं. पण मी मान डोलावली. म्हटलं, "छान आलेत फोटो." मग कागदाच्या वरच्या कोपऱ्यातला विक्रेता क्रमांक तळहातावर लिहून घेतला आणि परत आले.

कचेरीत जुन्या याद्या उघडल्या. सात महिन्यांपूर्वीचा एक बुधवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं, तो क्रमांक, समोर माझी टिचकी. त्याच आठवड्यात घरच्या मालात झाकण उघडायची एक प्लास्टिकची मूठ आली होती. तिच्या उद्घाटनाला मी टाळ्या वाजवल्या होत्या. एक मला भेट म्हणून मिळालीही होती, टेबलाच्या खणात पडून होती. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणून मी इतकी वर्षं दादांकडे बोट दाखवत होते, आणि इथे माझी बोटंच तुपकट.

बुधवारी सकाळी दादांच्या केबिनमध्ये गेले. वाटलं होतं ते चिडतील, नियम मोडला म्हणून मला काढतील. त्याची तयारी करूनच गेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

"वेडी का तू? आधी नाही बोलायचं? तुझी बहीण ती माझी बहीण नाही का?"

फोन उचलला, क्रमांक सांगितला. "आत्ताच्या आत्ता माळ्यावरून खाली उतरवा. अगदी पहिल्या ओळीत." अर्धं मिनिट लागलं असेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कृतज्ञतेचं! ज्या माणसाने खड्ड्यात घातलं त्यानेच हात दिला तर मी पाया पडायला निघाले होते. आजवर जे जे केलं त्यात मला सगळ्यात किळस त्या अर्ध्या मिनिटाची येते.

"आता एक कर," दादा म्हणाले. हात अजून सोडला नव्हता. "शनिवारी तिला मेळाव्यात बोलायला सांग. आपलं साधं, घरगुती. धंदा बसला होता, कंपनीचं पत्र आलं, फोटो सुधारले, आणि बघा पुन्हा उभी राहिले. अगं, किती लोकांना धीर येईल!"

"दादा, पण फोटोंमुळे नाही…"

"तिला तसंच वाटतंय ना?" ते हसले. "मग ती कुठे खोटं बोलतेय?"

मग त्यांनी हात सोडला आणि खिशातून बाटली काढली. माझ्यासमोर! आजवर निदान गाडीत बसेपर्यंत थांबायचे.

गुरुवारी दिवसभरात ताईचे तीन फोन. "अगं, लागू पडले फोटो! सकाळपासून मागण्या येतायत. हे म्हणत होते खिडकीचा खर्च वाया गेला. मी म्हटलं, बघा आता." मेळाव्याचं निमंत्रणही पोहोचलं होतं. मोठी बहीण चोपन्नाव्या वर्षी शाळेतल्या पोरीसारखी भाषण पाठ करत होती. मी तिला काही बोलले नाही. उलट फोन ठेवून ती दोन पानं लिहायला बसले आणि अर्ध्या तासात लिहून टाकली. चांगली झाली. प्रसिद्धीच्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण झोपेचं खोबरं झालं. माझ्या डोळ्यांसमोर तो शनिवार येत राहिला. ताई व्यासपीठावर उभी आहे, मनापासून सांगते आहे, आणि समोर बसलेली, माळ्यावर टाकलेली माणसं वहीत लिहून घेतायत, कापड सुती नको, पाच कोन घ्या, भिंत फोडा. दादांचं खोटं कुणी ओळखलंही असतं. ताईचं खरं कोण ओळखणार?

शुक्रवारी रजा टाकून तिच्या घरी गेले. दोघांना स्वयंपाकघरात बसवलं आणि सांगून टाकलं. माळा सांगितला, अकरा ओळी कुणी लिहिल्या ते सांगितलं, बुधवार सांगितला, टिचकी सांगितली. काही झाकलं नाही. बोलताना मी टेबलाकडेच बघत होते.

भावोजी आधी उठले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुऱ्हाडीचा दांडा." पुढचं बोलले नाहीत. शेडमध्ये गेले, आणि थोड्या वेळाने सात महिन्यांत पहिल्यांदा लेथ सुरू झाल्याचा आवाज आला.

ताई म्हणाली, "म्हणजे फोटोंमुळे नाही?"

"नाही."

"खिडकीमुळे पण नाही?"

"नाही गं ताई."

"किती जण आहेत असे वर?"

"चार हजारांवर असतील."

"आणि मी उद्या बोलले नाही, तर परत टाकतील?"

"टाकतील. किंवा तू बोललीस तरी कधीतरी टाकतील."

ती सुजलेली बोटं एकमेकांत अडकवून बसली. खरं सांगते, मी तिथे थोबाडीत खायला गेले होते. लहानपणी मी खोटं बोलले की ती खाडकन द्यायची, मग दोघी रडायचो आणि प्रकरण मिटायचं. तिने ओरडावं, घराबाहेर काढावं, मेळाव्यात उभं राहून दादांचा पंचनामा करावा, म्हणजे माझंही कुठेतरी निस्तरलं जाईल, अशी आशा होती मला. स्वतःला धीर होत नाही तेव्हा माणूस दुसऱ्याच्या धिराची वाट बघतो.

"मी बोलेन उद्या," ती म्हणाली.

"ताई, तुला सगळं कळल्यावर…"

"कळलं म्हणूनच. त्या दोघी बायकांना परत बोलावलंय मी काल. त्यांना काय सांगू?" तिने उठून शेडकडचं दार लावून घेतलं. लेथचा आवाज बारीक झाला. परत येऊन ती माझ्या अगदी जवळ बसली आणि आवाज खाली आणला. "एक विचारू? यांच्या हाताखाली एक जण होता बघ, काम शिकून गेला तो. मागच्या रस्त्याला त्याने स्वतःचं टाकलंय. हुबेहूब फिरकी करतो, फक्त मूठ हिरवी. आपल्यापेक्षा स्वस्त देतो मेला. तुमच्याच बाजारात आहे."

मी तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा रोजच्यासारखाच होता, प्रेमळ, जरा थकलेला.

"त्याला टाकता येईल का गं वर?" ताई म्हणाली. "यांना नको सांगूस."

मला तिची शिसारी यायला हवी होती. उठून जायला हवं होतं. पण फोटो बघण्यापलीकडे ती माझ्याकडे पहिल्यांदाच काहीतरी मागत होती, आणि मला देता येण्यासारखं होतं तेवढंच.

"किती दिवसांसाठी?" मी विचारलं.